टोमॅटो हामिल की हामूल?

जवळ ये गो शिफा. फोनातून जेवढं जवळ येता येतं तेवढं ये, आणि आधी कान पकड. काल फॅमिली ग्रुपवर काय ते फॉरवर्ड केलंस? ‘अमरवेल टोमॅटोचे जीन्स चोरते आणि आपले टोमॅटोत सोडते, टोमॅटो खाणं बंद करा.’ खाली लाल दिव्यांची रांग. तिकडे राबिघला तुझ्या सासूने ते वाचून फ्रिजमधले सगळे टोमॅटो उचलले आणि शेजारणीला देऊन टाकले. विष आहे म्हणून शेजारणीला! अगो, एवढी शिकलीस, नवरा रिफायनरीत इंजिनिअर, आणि अर्धी बातमी अशी पुढे ढकलतेस? मला विचारायचं होतंस. त्या वेलीची आणि माझी जुनी ओळख आहे.

आणि दुखणं असं की बातमी अर्धी खरी आहे. ती खरी आहे हे आम्हाला कळेपर्यंत एका मुलीची नोकरी जायची वेळ आली होती. कशी ते सांगते. मध्येच काही समजलं नाही तर घाबरू नको. तेव्हा मलाही काही समजत नव्हतं.

तर स्क्रीनवर रेघ चढली होती. चढायला नको होती, पण चढली होती. नूरा माझ्याकडे बघत होती आणि मी स्क्रीनकडे.

“ही कुठली ट्यूब?” मी विचारलं.

“वेलीची, खाला.”

“आणि सापडलंय काय?”

“टोमॅटो.”

“वेलीत टोमॅटो?”

“वेलीत टोमॅटो.” आणि वर म्हणाली, “आणि इकडे निरोगी टोमॅटोत वेल.”

मी चष्मा पुसला. पुसून काही फरक पडला नाही.

आता लॅब कुठली, नूरा कोण, ते ऐक. रियाधमध्ये अल सुलैच्या गोदामांच्या मागे आमची लॅब होती. खाजगी. शेतांवरून, नर्सऱ्यांमधून पानं, बिया यायच्या. त्यांना कुठला रोग आहे, रोप सांगितलेल्या जातीचंच आहे का, ते आम्ही तपासून सांगायचो. पुरुषांचा सेक्शन पुढे, बायकांचा मागे, मध्ये नमुने द्यायला एक छोटी सरकती खिडकी. मी काही कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही. श्रीवर्धनहून लग्न करून आले, मुलं शाळेत जायला लागली तशी या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागले. धुता धुता डब्यांवरचं वाचायला लागले, वाचता वाचता विचारायला लागले, आणि विचारून विचारून एक दिवस मशीनला हात लावायला लागले. लॅबचे प्रमुख डॉक्टर हिशाम, इजिप्तचे. चिडका माणूस. पण विचारलं की शिकवायचे. आधी ओरडायचे, मग शिकवायचे.

ती सौदायझेशनची वर्षं. सरकारने कंपन्यांना रंग लावले होते. पुरेशी सौदी माणसं कामावर असली तर हिरवा, कमी असली तर पिवळा, त्याहून कमी तर लाल. रंग उतरला की परदेशी माणसांचे इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, नव्याने करून घेताना घाम फुटायचा. आमची लॅब पिवळी होती. म्हणून नूरा आली. रियाधचीच मुलगी, बायोलॉजी शिकलेली, पहिली नोकरी. तीन महिने तात्पुरती. मग डॉक्टरांनी मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, रिपोर्ट द्यायचा की ठेवायची की नाही. तिच्या वडिलांनीही तेवढीच मुदत दिली होती. जमलं तर जमलं, नाही तर घरी बस, पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाही.

मला खाला म्हणायची. आपल्यात मावशीला खाला म्हणतात, त्यांच्यातही खालाच. तेवढ्या एका शब्दावर आमचं जमलं. बाकी तिचं इंग्लिश चांगलं, माझं कामापुरतं. माझं अरबी मोडकं, तिचं हिंदी फक्त सिनेमातलं.

तिला शिकवायचं काम माझ्याकडे. ती शिकली की माझं काम तिच्याकडे. हे न सांगता सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या सेक्शनमधले वहीदभाई हैदराबादचे, खिडकीतून नमुने देताना हळूच म्हणायचे, “आपा, इत्ता दिल लगा के मत सिखाओ. बेल जिस झाड़ पे चढ़ती, उसीच को खाती.”

मी म्हणायचे, “वहीदभाई, खिड़की बंद करो, एसी की हवा जाती है.”

आणि खिडकी लागली की मलाच कळायचं नाही, की मी हिला शिकवतेय ते बरोबर करतेय की मूर्खपणा.

अशात हे काम आलं. अल खर्जच्या बाजूचं मोठं शेत. एका बाजूला टोमॅटो, शेजारी जनावरांचा चारा. आपण ज्याला लसूणघास म्हणतो त्याला इथे बरसीम म्हणतात. त्या चाऱ्यातून अमरवेल टोमॅटोवर चढली. आपल्याकडे कुंपणावर पिवळ्या शेवयांसारखी पसरलेली असते ना, तीच. पान नाही, जमिनीत मूळ नाही. दुसऱ्या झाडाच्या देठात बारीक सोंडा खुपसते आणि रस ओढते. शेताचे इंजिनिअर तारिक, सुदानचे, त्यांचा प्रश्न साधा होता. टोमॅटोत एक व्हायरस दिसतोय. तो या वेलीतून एका झाडावरून दुसऱ्यावर जातोय का? जात असला तर ती अख्खी पट्टी जाळून टाकतो.

ड्रायव्हरने खिडकीतून दिलं काय, तर एका पिशवीत वेलीचे तंतू, आणि दोन खोक्यांत टोमॅटोची पानं. एक खोकं निरोगी झाडांचं, एक वेल चढलेल्या झाडांचं. खोक्यांवर पेन्सिलीने अरबीत लिहिलेलं. अरबी अक्षर मला वाचता येतं, लहानपणी कुराण शिकलोय आपण. पण वाचणं वेगळं आणि कळणं वेगळं. अर्थ मी उर्दूवरून लावते. बहुतेक वेळा लागतो.

एका खोक्यावर लिहिलं होतं, ‘तमातिम सलीम’. म्हणजे सलीम नावाच्या कोणीतरी पाठवलेले टोमॅटो. दुसऱ्यावर ‘तमातिम’ आणि पुढचा शब्द घासून पुसट झालेला. हे, अलिफ, मीम, शेवटी लाम. हामिल. आता हामिला म्हणजे गरोदर बाई, हे आपल्यात कोणाला सांगायला नको. मी मनात म्हटलं, बघा, अरब लोक किती गोड बोलतात, फळ धरलेल्या झाडाला गरोदर म्हणतात. फळ धरलंय म्हणजे तब्येत चांगली. हे निरोगी खोकं. मग सलीमने पाठवलेलं ते आजारी. मी पानं कापली, नंबर घातलेल्या ट्यूबमध्ये टाकली, खोकी फ्रिजमध्ये ठेवली आणि ट्यूब नूराच्या हातात दिल्या. पुढचं सगळं तिने करायचं होतं. रिपोर्टआधीचं तिचं शेवटचं मोठं काम.

काम काय असतं ते तुला स्वयंपाकघरातून सांगते. प्रत्येक झाडाच्या पेशीत एक पाककृतींचं पुस्तक असतं, कुलपात. ते डीएनए. पुस्तक कधी बाहेर येत नाही. जे बनवायचं असेल त्याची चिठ्ठी उतरवून ओट्यावर पाठवली जाते. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. पुष्कळसे झाडांचे व्हायरस चिठ्ठीच्या रूपातच फिरतात, म्हणून आम्ही चिठ्ठ्या गोळा करतो आणि पुस्तक नाहीसं करायचं औषध घालतो. प्रत्येक झाडाच्या चिठ्ठीचं अक्षर वेगळं. मशीनला सांगायचं, टोमॅटोचं अक्षर शोध. सापडलं की स्क्रीनवर रेघ वर चढते. नाही सापडलं तर आडवी पडून राहते. व्हायरस शोधताना आम्ही टोमॅटोचं आणि वेलीचं अक्षरही शोधतो, तपासणी नीट चाललीय ना बघायला. आणि एक ट्यूब नुसत्या पाण्याची. तिच्यात काहीही चढता कामा नये.

पाण्याची ट्यूब स्वच्छ होती. पण वेलीत टोमॅटोचं अक्षर. निरोगी टोमॅटोत वेलीचं अक्षर आणि वर व्हायरस. आणि आजारी टोमॅटो? तो एकदम ठणठणीत. काही नाही त्याच्यात.

डॉक्टर दार वाजवून आत आले. स्क्रीन बघितली. मग नूराकडे बघितलं.

“हे कोणी केलं?”

“मी.”

“हातमोजे बदललेस?”

“प्रत्येक ट्यूबला, डॉक्टर.”

“मग टोमॅटो उडत आला?”

नूराने वापरलेल्या हातमोज्यांचा ढीग दाखवला.

“याला कंटॅमिनेशन म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे एका ट्यूबमधलं दुसरीत सांडणं. आमच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. “निरोगी आजारी निघतोय, आजारी निरोगी निघतोय. मी गुरुवारी मुदीरला काय लिहू? मुलगी हुशार आहे, फक्त तिच्या टेबलावर सगळं एकमेकांत मिसळतं?”

मी म्हटलं, “डॉक्टर, उद्या मी स्वतः करते. मग बघू.”

मी केलं. ज्या ट्यूबमध्ये पानं उरली होती त्यातलीच घेतली. माझे हात, थेंब मोजायची माझी पिपेट, माझं टेबल. निकाल हुबेहूब तोच. वेलीत टोमॅटो, निरोगीत वेल, आजारी ठणठणीत.

मला वाटलं, चला, आता नूरा सुटली. सुटली कसली! डॉक्टर म्हणाले, “आधी एक चुकत होती, आता दोघी. मदाम हमीदा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” आणि दुपारी वहीदभाईंनी खिडकी सरकवली. आवाज नेहमीपेक्षा खाली.

“आपा, बुरा मत मानो. लोगां बोल रैं, आपने लड़की की ट्यूबां में मिलावट कर दी. अपनी नौकरी बचाने कू.”

“और मेरी ट्यूब में किसने की?”

ते विचारात पडले. “वो बी आपनेच की होंगी, शक नको आना बोलके.”

घरी आमच्या ह्यांना, जुबेरच्या अब्बांना, सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, “तू कशाला मध्ये पडतेस? मुलगी गेली तर तुझी नोकरी राहील. मुलगी राहिली तर कंपनी हिरवी होईल आणि तुझा इकामा राहील. दोन्हीकडून आपलं बरंच आहे.”

“आणि माझ्या नावाचं काय?”

“नाव कोण बघतंय? आमटी वाढ.”

मी आमटी वाढली. पण डोक्यात तीच रेघ. खरं सांगते, नूराचीच चूक असेल असंही मला अधूनमधून वाटत होतं. मग माझ्या ट्यूब आठवायच्या आणि सगळं परत उलटं व्हायचं. वेल टोमॅटोत कशी? बरं, आली म्हणू. मग आजारी झाडात का नाही? आजारी झाडावर तर ती चढलेली होती! उलट्या दिशेने चाललेल्या गाडीत बसल्यासारखं होत होतं मला.

दुसऱ्या दिवशी नूरा आली ती अबाया काढायच्या आधीच माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

“खाला, रागावू नका. एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही माझ्या ट्यूबमध्ये काही घातलंत?”

शिफा, त्या क्षणी मला तिचा राग यायला हवा होता. पण तिने समोर येऊन विचारलं. बाकीचे खिडकीतून बोलत होते. मी म्हटलं, “बाळा, मी घातलं असतं तर नीट घातलं असतं. आजारी आजारी दिसला असता, निरोगी निरोगी. इतकं वेडंवाकडं घालून माझी लाज कशाला काढून घेईन?”

ती हसली नाही, पण खुर्चीत बसली. “मग हे काय आहे?”

“मला माहीत नाही.”

“मलाही माहीत नाही.”

“चल, मग मुळापासून करू. नवी पानं कापू. तू माझ्यासमोर काप, मी तुझ्यासमोर. म्हणजे कोणी कोणावर शक नको.”

तिने फ्रिज उघडला, खोकी काढून टेबलावर मांडली. पहिल्यांदाच ती खोकी बघत होती. तोवर तिला मी नुसत्या नंबरच्या ट्यूब दिल्या होत्या.

“निरोगी कुठलं, खाला?”

“ते. हामिलवालं.”

“कुठलंवालं?”

“हामिल. फळ धरलेलं. गरोदर.”

तिने खोकं उजेडात धरलं. तिरकं केलं. मग तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. ती खाली फरशीवरच बसली.

“खाला! टोमॅटो गरोदर?”

“तुमच्यातच म्हणतात ना तसं?”

“कोण म्हणतं? हे हामूल आहे! हा-मूल! मधलं ‘वाव’ अक्षर पुसलंय. माझ्या आजोबांच्या बरसीमात व्हायचा, दिवसभर शिव्या द्यायचे ते. हामूल म्हणजे ही वेल! ही पिवळी!”

मी तिथेच गार. लॅबमध्ये आम्ही तिला इंग्लिश नावाने कस्क्यूटा म्हणायचो, घरी मी अमरवेल म्हणते. शेतकरी तिला काय म्हणतात हे कोणी कधी माझ्यासमोर बोललंच नव्हतं.

“आणि सलीम?” मी विचारलं.

“सलीम कोण?”

“ज्याने दुसरं खोकं पाठवलं तो.”

आता ती भिंतीला टेकली. “खाला, सलीम म्हणजे निरोगी. धडधाकट. कोणी पाठवलं नाही!”

आता तूच सांग, आपल्या गावात चार सलीम आहेत आणि त्यांतला एकही धडधाकट नाही. मला कसं सुचणार?

डॉक्टरांना बोलावलं. नूरा सांगायला लागली, पण तिला पुढे बोलता येईना, मग मीच सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. दोन्ही खोकी वाचली. “इजिप्तमध्येही हामूलच म्हणतात,” एवढंच बोलले. मग आमच्याकडे पाठ करून कपाटातलं काहीतरी शोधायला लागले. कपाट रिकामं होतं. मागून त्यांचे खांदे मला दिसत होते.

म्हणजे अर्धी भानगड सुटली. खोक्यांची अदलाबदल झाली होती. निरोगी म्हटलेला टोमॅटो मुळात वेल चढलेला. त्याच्यात व्हायरस असणारच. आजारी म्हटलेला ठणठणीत, कारण तो ठणठणीतच होता. नूराच्या हाताची यात काही चूक नव्हती.

पण डॉक्टर वळले तेव्हा पुन्हा गंभीर. “आणि उरलेलं अर्धं? पानांवर वेलीचा एक तंतू नव्हता. मी आत्ता स्वतः बघितलं. मग पानात वेलीची आरएनए आली कुठून? आणि वेलीत टोमॅटोची? अदलाबदलीने हे होत नाही. हे सांडल्यानेच होतं.”

म्हणजे गरोदर टोमॅटोने आम्हाला हसवलं, पण नूरा अजून सुटली नव्हती.

ती चाचरत म्हणाली, “डॉक्टर, युनिव्हर्सिटीत कोणीतरी सांगितलं होतं, ही वेल रसाबरोबर आरएनए पण ओढते. आणि आपली झाडाला देतेही. मला नक्की आठवत नाही.”

“नक्की आठवत नसेल तर बोलू नये.”

डॉक्टर फेऱ्या मारायला लागले. तीन पावलं इकडे, तीन तिकडे, तेवढीच जागा. मग थांबले. “ठीक. मीच दाखवतो की हे सांडलेलं आहे. डीएनए काढा.”

ते काय म्हणत होते ते बघ. ट्यूबमध्ये टोमॅटोच्या पानाचा तुकडा चुकून पडला असेल, तर त्या तुकड्यात पुस्तकही असणार आणि चिठ्ठ्याही. दोन्ही सापडले पाहिजेत. पण नूरा म्हणते तसं नुसत्या चिठ्ठ्या रसातून वाहत आल्या असतील, तर चिठ्ठ्या सापडतील आणि पुस्तक नाही. कारण पुस्तक कुलपात. वर त्यांनी आणखी एक खुंटी मारली. वेलीच्या एका ट्यूबमध्ये टोमॅटोच्या पानाचा कणभर चुरा मुद्दाम टाकायला लावला, मुद्दाम घाण केलेली ट्यूब. एवढा कणही डीएनएच्या तपासणीत पकडला जातो की नाही ते कळायला.

नूराने वेलीचे तंतू सोंडांपासून लांबचे कापले, धुतले. मी चुरा टाकला. डॉक्टर खुर्ची ओढून आमच्या डोक्यावर बसले. तेवढ्यात मुदीरच्या ऑफिसातून फोन, रिपोर्ट कुठे? डॉक्टर म्हणाले, “येतोय,” आणि फोन उलटा ठेवला.

मशीन चाललं. खऱ्या टोमॅटोची रेघ चढली. चढायलाच हवी. मुद्दाम घाण केलेल्या ट्यूबची रेघ चढली. आणि वेलीची?

आडवी. शेवटपर्यंत आडवी.

नूराने माझा हात घट्ट धरला होता. डॉक्टर म्हणाले, “पुन्हा.”

पुन्हा केलं. आडवीच. मग त्याच तंतूंमधल्या चिठ्ठ्या बघितल्या, तर टोमॅटोचं अक्षर स्वच्छ दिसतंय. उलट बाजूने हामूलच्या खोक्यातली पानं बघितली. वेलीच्या चिठ्ठ्या आहेत, वेलीचं पुस्तक नाही. आणि सलीम खोक्यात ना हे ना ते.

म्हणजे काही सांडलं नव्हतं. कोणी काही घातलं नव्हतं. मशीन पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं आणि आम्ही सगळे मिळून त्याला खोटं पाडत होतो.

डॉक्टर आपल्या खोलीत गेले आणि कॉम्प्युटरवर वाचत बसले. परत आले तेव्हा आवाज मऊ होता. म्हणाले, बाहेरच्या शास्त्रज्ञांनी हे बघितलेलं आहे. वेल सोंड खुपसते तिथे दोन्ही झाडांच्या नळ्या जोडल्या जातात, आणि रसाबरोबर चिठ्ठ्या ढिगाने जातात-येतात. दोन्ही दिशांनी. नूराला बरोबर आठवत होतं.

“पण कशासाठी?” मी विचारलं. “दुसऱ्याच्या चिठ्ठ्या घेऊन वेल करते काय?”

“सगळ्यांचं माहीत नाही. काही चिठ्ठ्या वेल बहुधा झाडाचा प्रतिकार ढिला करायला पाठवते. बाकीच्या कदाचित नुसत्या वाहत येतात.”

“मग वेल थोडी टोमॅटो झाली का?”

“नाही.”

“आणि टोमॅटो थोडा वेल?”

“नाही, मदाम. शेजारणीच्या पाककृतीची चिठ्ठी उडत तुमच्या ओट्यावर आली म्हणून तुम्ही शेजारीण होत नाही.” मग म्हणाले, “पण फार फार जुन्या काळात, लाखो वर्षांत कधीतरी, अशा वेलींच्या पुस्तकात यजमान झाडाच्या पुस्तकातलं पान कायमचं शिवलं गेलंय. ते नेमकं कसं गेलं, त्यावर अजून वाद आहे.”

मी म्हटलं, “आता तुम्हीच म्हणालात ना, पुस्तक बाहेर येत नाही?”

“सहसा येत नाही.”

“म्हणजे येतं.”

“मदाम हमीदा, मला रिपोर्ट लिहायचाय.”

म्हणून सांगते, तुझी बातमी अर्धी खरी. देवाणघेवाण होते. पण विषाचं कोणी कुठून काढलं? तू रोज भात-डाळ खातेस ती सगळ्यांची पुस्तकं आणि चिठ्ठ्या खाऊनच. पोटात सगळं पचतं. सासूला सांग, टोमॅटो परत आण. शेजारणीने शिजवले नसतील तर.

मग इंजिनिअर तारिकांना फोन लावला. डॉक्टर उत्साहात होते. “व्हायरस वेलीत आहे, वेल चढलेल्या टोमॅटोतही आहे. सलीम खोक्यात नाही. आणि आणखी एक फार सुंदर गोष्ट दिसली, ही वेल टोमॅटोच्या आरएनए...”

“दोक्तोर,” स्पीकरवर आवाज आला, “पट्टी जाळू की नको?”

“जाळा.”

“खलास. शुक्रन. सुंदर गोष्ट तुमच्याकडे ठेवा.” फोन बंद.

संध्याकाळी मुदीरच्या ऑफिसात आम्हा तिघांना बोलावलं. रिपोर्टमध्ये डॉक्टरांनी लिहिलं होतं की नूराचं काम स्वच्छ आहे, निकाल विचित्र आला तरी तिने तो बदलला नाही, तिला कायम करावं. मुदीरने वाचलं. गोरागोमटा तरुण माणूस, त्याला आमच्या ट्यूबमधलं काही कळत नव्हतं, आणि तसं तो दाखवतही नव्हता.

“पण मला तर सांगितलं होतं चूक झालीय. शेवटी चूक कोणाची?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “पेन्सिलीची.”

मुदीरने मान हलवली, जणू याच उत्तराची वाट बघत होता, आणि सही केली. नूरा राहिली. तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण ती बोलताना ‘हामिल’ म्हणाली आणि पलीकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला, म्हणजे माझी अब्रू त्या घरातही गेली. कंपनी पुढे हिरवी झाली, आमचे इकामे सुरळीत झाले. आणखी काही वर्षांनी माझ्या गुडघ्यांनी संप केला तेव्हा माझं टेबल नूराने घेतलं. कोणी ढकललं नाही, मीच पिपेट तिच्या हातात दिली. लॅबमध्ये मात्र एक नियम झाला. खोकं आलं की दोघांनी मोठ्याने वाचायचं, आणि त्यांतला एक तरी शेतकऱ्याच्या घरातला हवा.

या सगळ्यातून मी शिकले काय, ते विचारशील. थोडंच. मशीनने भलतंच काही दाखवलं की आधी खोक्यावरचं अक्षर वाचावं, मग माणसाचे हात बघावे. आणि दोन्ही बरोबर असले आणि रेघ तरीही चढली, तर ती खरी असू शकते हे मान्य करावं. चूक सापडली की निदान सुटतो आपण. खरं निघालं की डोक्याला कायमचा ताप. ती वेल टोमॅटोच्या चिठ्ठ्या घेऊन करते काय, हे मला आजही कळलेलं नाही.

नूरा आता बायकांच्या सेक्शनची प्रमुख आहे. शुक्रवारी कधीमधी मुलांना घेऊन येते आणि ही गोष्ट सांगते, माझा भाग जरा जास्तच रंगवून. तिच्या तोंडून एकदा ऐकायला हवीस. थंडी आहे तोवर या, मग उन्हात राबिघहून रियाधचा रस्ता नकोसा होतो. सासूलाही आण. मी स्वयंपाकाची तयारी करून ठेवते, दोन दिवस राहायच्या बेताने या. लवकर ये गो.